दुमडलेलं सूत

सारजाच्या तोंडी लागायची पणदरे गावात कुणाची छाती नव्हती. बिरूचं, म्हणजे पोराचं, लग्नही तिनं असंच दामटून केलं. बावडा गावच्या आपल्या सख्ख्या भावाची लेक म्हाळसा सून करून आणली. "मामाची पोर असताना भाईरची कशाला हुडकायची?" म्हणाली. विषय संपला.

त्यांची छकुली पाच वर्षांची झाली, तरी पांढरीफटक. दर महिन्याला रक्त चढवावं, तेव्हा कुठं पोर अंगणात पळायची. सत्त्याण्णव साली पुण्याहून तिचा रिपोर्ट आला आणि बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं.

"रक्तातलं प्रोटीन बनवायला शरीर एक धागा काढतं. आरएनए म्हणतात त्याला. त्यावर ठरलेल्या जागीच काम सुरू व्हावं लागतं. छकुलीचा धागा नेमका तिथंच दुमडलाय, ती जागा आत झाकली जाते. मग काम भलतीकडंच सुरू होतं आणि सगळं फुकट जातं."

सारजाचा जन्म घोंगड्यांच्या सुतात गेलेला. पिशवीतनं तिनं लोकरीचं सूत काढलं, चिमटीत पीळ दिला. तसं ते मधेच दुमडून स्वतःभोवती वळलं.

"आसं?"

"अगदी असंच, आजी!" बाई हरखल्या.

"आगं बया, मग त्यात काय हाय एवढं? भिजवायचं, ताणायचं, सुटतंय. करा की सरळ!"

बाईंनी ते सूत हातात घेतलं. मग म्हणाल्या, "त्या सुताला हात पोचत नाही, आजी. रक्त चालू ठेवायचं. पण त्या रक्तातलं लोह काळजात साचत जातं. पोर किती वर्षं काढेल, सांगवत नाही."

"आलं कुठनं ह्ये?"

"तुमच्याकडनं बिरूला, तुमच्या भावाकडनं म्हाळसाला. एकाकडनंच आलं असतं, तर पोरीला काही झालं नसतं."

सारजाचं तोंड जन्मात पहिल्यांदा बंद पडलं. म्हाळसानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

घरी येऊन सारजा परातीत सूत भिजवून एकेक वेटोळं ताणत बसली. दुसरं करणार तरी काय! छकुली जवळ आली. बाही वर सारून तिनं काडीसारखा हात परातीत बुडवला.

"आजी, आता माझं ताण."

सारजानं तो हात धरला. ताणवेना, सोडवेना.

"म्याच गं! म्याच घातला ह्यो पीळ!" तिनं हंबरडा फोडला.

छकुली हात पाण्यात तसाच धरून वाट बघत राहिली.