हळदीच्या पुड्यावर कोणाचं नाव

हिंगोलीत डिझाइनचा स्टुडिओ टाकणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे संपदाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पाटीवर ‘स्टुडिओ’ वाचून लोक पासपोर्ट फोटो काढायला वर येत. इथं फोटो निघत नाही म्हटलं की उगाच जिना चढायला लावला म्हणून तिलाच चार शब्द सुनावून जात. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कार्डं वाटून झाली, जवळा बाजार गावी भर उन्हात उभं राहून झालं. व्यापारी कार्ड उलटंपालटं करत, छान आहे म्हणत, आणि सरळ फ्लेक्सवाल्याकडे जात. चार वर्षं लोकांना समजावता समजावता तिच्या तोंडाला फेस आला होता.

आणि आज समोर अकरा संचालक. सेनगावकडच्या बंजारा तांड्यांतल्या शेतकऱ्यांनी हळदीची कंपनी काढली होती. पुड्याचं डिझाइन पसंत करायला दोघे-तिघे येतील असं तिला वाटलं होतं, तर सगळेच्या सगळे एका जीपमध्ये कोंबून आले. खुर्च्या पाच. उरलेले खिडकीत, टेबलाच्या कडेला, आणि एक जण प्रिंटरवर.

"प्रिंटरवर नका ना बसू," तिनं तिसऱ्यांदा सांगितलं.

"बसलो न्हाई, टेकलो," तो म्हणाला आणि हलला नाही.

अध्यक्ष भावसिंग चष्मा लावून कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ गेले. "फोटो कुठं हायेत? अकरा जणांचे टाका म्हणलं होतं."

"काका, पुडा तळहाताएवढा. त्यावर अकरा फोटो कसे मावतील?"

"बारीक टाका."

"माझा न्हाई टाकला तरी चालंल," मागून थावरा शेजारच्याकडे बोट दाखवत म्हणाला, "पण मंग याचाबी टाकू नका."

झालं. कोणाचा टाकायचा आणि कोणाचा नाही यावर त्यांच्या गोरमाटी बोलीत जी जुंपली, ती थांबेना. संपदानं कपाळ धरलं. दारात रणजीत पाण्याचा ट्रे घेऊन उभा होता. तो नुसता ऐकत होता.

रणजीत तिचा डिझायनर. तोही तांड्यातलाच, तीन वर्षं तिच्याकडे. असा हात तिनं पुण्यात शिकतानासुद्धा पाहिला नव्हता. म्हणून तर संभाजीनगरची एक एजन्सी त्याच्या मागे लागली होती. आज संध्याकाळपर्यंत त्याला होय किंवा नाही कळवायचं होतं. तो गेला की स्टुडिओचे हातच तुटणार, हे संपदाला पक्कं माहीत होतं. मागच्या आठवड्यात त्यानं एवढंच मागितलं होतं, "ताई, एक काम तरी माझं म्हणून बाहेर जाऊ द्या. मंग मी कशाला जातो?" ती लगेच हो म्हणाली होती. हळदीचं काम तुझं, असंही म्हणाली होती.

त्यानं पिवळाधमक पुडा केला. मधोमध एक रिकामं वर्तुळ आणि वर ‘ही हळद पिकवली’ एवढे तीन शब्द. वर्तुळात ज्याची हळद त्याच्या नावाचा शिक्का मारायचा. संपदानं काल ते पाहिलं आणि तिला राहवलं नाही. शिक्का म्हणजे रेशनच्या पोत्यासारखं दिसतं, असं म्हणून तिनं वर्तुळ उडवलं आणि तिथं एक नाजूक पान काढलं. सवयच होती तिची. रणजीतनं केलेल्या लग्नपत्रिकेतही ती गणपतीचा कान सरळ करून ठेवायची.

"हे पान कशाचं?" भावसिंगांनी विचारलं.

"हळदीचं."

"असलं पान आमच्या रानात तर न्हाई बा."

सगळे हसले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भावसिंग चष्मा काढून उठले. "तकलीफ दिली, ताई. मोंढ्याजवळचा फ्लेक्सवाला अकरा फोटो बराबर बसवून देतो म्हणून राहिला." प्रिंटरवरचाही उठला, तेव्हा तिला खरी धास्ती बसली. हे काम गेलं तर रणजीतला कोणत्या तोंडानं थांब म्हणायचं?

"एक मिनिट, आणखी एक आहे," ती म्हणाली आणि रणजीतची जुनी फाइल उघडली.

भावसिंगांनी पुन्हा चष्मा लावला. "हे गोल रिकामं काहून?"

तिनं शिक्क्याचं सांगितलं.

"म्हंजी माझ्या हळदीच्या पुड्यावर माझं नाव?" थावरा पुढे आला. "गावासकट?"

"गावासकट."

"मंग फोटो ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि बाकीच्या दहा जणांनी माना डोलावल्या. दीड तास जे तिला जमलं नव्हतं ते एका वर्तुळानं करून टाकलं.

"आमच्या मनातलं काढलं बगा," भावसिंग म्हणाले. "डोकं कोणाचं हे?"

ट्रे धरलेल्या रणजीतनं वर पाहिलं. एक नाव घ्यायचं होतं, बस. पण चार वर्षांत असं कौतुक तिच्या वाट्याला आलं नव्हतं. ते समोर आलं आणि तिला सोडवेना.

"आमच्याकडे सगळं काम माझ्या नजरेखालूनच जातं," ती म्हणाली.

"तरीच," भावसिंग म्हणाले. काम पक्कं झालं, चहा झाला, जीप गेली.

संपदा हवेत होती. "रणजीत, पाहिलंस ना? तुझं डिझाइन पास झालं. तुझं!"

तो गॅलरीतून आत येत फोन खिशात ठेवत होता. "संभाजीनगरवाल्यांना व्हय म्हणलो, ताई. एक तारखेपासून."

"अरे, आता कशाला? एवढं मोठं काम मिळालं, आणि ते तुझंच आहे."

"हे आत्ता सांगून राहिल्या तुमी," तो शांतपणे म्हणाला. "मघाशी इथं अकरा माणसं बसली होती."

तिला वाटलं त्याच्यावर ओरडावं. सकाळपासून ती सगळ्यांवर वैतागली होती, फोटोवाल्यांवर, फ्लेक्सवाल्यावर, प्रिंटरवर बसणाऱ्यावर. आता वैतागायला तिच्या स्वतःशिवाय कोणी उरलं नव्हतं. रणजीतनं ट्रेमध्ये रिकामे कप गोळा केले आणि तो ते धुवायला घेऊन गेला.