निळे भरलेले खोरे

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांच्या मागे एक लांब गुंडाळी भिंतीला टेकून उभी आहे. ती मी. मी एक जुना नकाशा आहे. डोंगर आणि नद्या दाखवणारे माझे भाऊबंद पुष्कळ आहेत. मी मात्र माणसे दाखवतो. कोणती भाषा बोलणारे लोक कुठे राहतात, ते माझ्यावर रंगांनी भरलेले आहे.

माझा जन्म नकाशांच्या कचेरीत झाला. लांब मेजावर मला कापडाला चिकटवले आणि कडा उचलू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर वजने ठेवली. रंग भरणाऱ्या बाई चष्मा सावरत माझ्यावर वाकल्या. एका वाटीत निळा रंग, दुसरीत पिवळा. एका गावाला एकच रंग, असा कचेरीचा नियम होता. नदीच्या खालच्या अंगाला सगळे निळे झाले, डोंगरावर सगळे पिवळे. मधल्या खोऱ्यापाशी मात्र त्यांचा कुंचला थांबला.

मोजणीदार नुकताच तिकडून हिंडून आला होता. तो म्हणाला, "खुशाल निळं भरा. ज्या दारात विचारलं, तिथं लोक आपल्याच भाषेत बोलले. कुणी अडखळलंसुद्धा नाही. वर सावलीत बसवलं, जेवूखाऊ घातलं."

"म्हणजे मोजणी करून आलात की पाहुणचार झोडून?" बाई हसल्या आणि त्यांनी कुंचला निळ्यात बुडवला.

मग माझे दिवस पालटले. मोठमोठी माणसे माझ्यापुढे उभी राहून माना डोलवू लागली. सरहद्द कुठे आखायची यावर वाद झाला, तेव्हा एकाने माझ्यावर हात ठेवून म्हटले, "भांडता कशाला? नकाशाच सांगतोय की." खोरे आणि डोंगर यांच्यामधून रेघ आखली गेली. माझ्या प्रती शाळाशाळांतून गेल्या आणि मी नेमका त्याच खोऱ्यातल्या शाळेत आलो.

तिथे मला कळले की त्या खोऱ्यात घरोघरी दोन भाषा होत्या. त्यांना लोक नुसते 'वरची' आणि 'खालची' म्हणत. बाजारहाट एकीत, अंगाई दुसरीत, आणि भांडण जी आधी तोंडात येईल तिच्यात. तुम्ही कोण, असे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आता मास्तर माझ्यावर छडी टेकवून सांगत, "आपण निळे." वर्ग एका सुरात म्हणे, "आपण निळे."

पहिल्या बाकावर चिमणी बसायची. एकदा तिचा विसरलेला डबा घेऊन तिची आजी आली. मास्तरांनी कौतुकाने तिला मला दाखवले.

"हे आपलं खोरं, आजी. सगळं निळं."

"आणि वरची भाषा?"

"ती पिवळी. वर डोंगरावरची."

"अहो, ती माझ्या घरात आहे. ही पोर तिच्यातच झोपी जाते."

"मग मोजणीदाराला तसं सांगायचं होतं."

"त्यानं खालच्या भाषेत विचारलं, मी खालच्या भाषेत सांगितलं. समोरचा ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत उत्तर द्यायचं, ही आमची रीत. दारी आलेल्याला अडखळायला लावायचं का?"

मास्तर म्हणाले, "आता छापून झालंय, आजी."

जाताना आजीने नातीला वरच्या भाषेत काहीतरी सांगितले. वर्ग खदखदून हसला. कुणीतरी म्हणाले, "पिवळी आजी."

चिमणीचे कान लाल झाले. "आजी, तू ती भाषा बोलू नको ना."

त्या दिवसापासून चिमणी घरीही खालच्याच भाषेत बोलू लागली. आणि आजी? रीतच ती. नात ज्या भाषेत बोले, त्याच भाषेत आजी उत्तर देई. पुढे सरहद्दीवर फाटक बसले. ज्याला वरची भाषा येते त्याच्याकडे लोक वळूनवळून पाहू लागले. मग ती कुणालाच येईनाशी झाली.

चिमणी मोठी होऊन याच शाळेत बाई झाली. एकदा रजेवरून परतल्यावर ती माझ्याखाली बसून म्हातारे झालेल्या मास्तरांना सांगत होती, "आजारपणात आजी खालची भाषा विसरली हो. जीभ जड झालेली, त्यात सगळं वरच्या भाषेत, आणि मी ती केव्हाच विसरलेली. काहीतरी मागत होती. पाणी दिलं, उशी बदलली, खिडकी उघडली. ते नव्हतंच. हात धरून तेच तेच म्हणत राहिली, ती जाईपर्यंत."

"गावात जुनी माणसं आहेत. बोलवायचं कुणाला तरी."

"दारोदार गेले. 'आम्हाला नाही बाई येत.' शेजारच्या काकू जन्मभर त्याच भाषेत आजीशी भांडल्या. त्याही तेच म्हणाल्या."

मास्तरांनी दार लोटून घेतले. "काय म्हणत होती? जसं ऐकलंस तसं म्हण."

चिमणीने अडखळत ते शब्द म्हटले. मास्तरांनी तेच शब्द न अडखळता पुन्हा म्हटले.

"तुम्हाला येते, मास्तर?"

"माझी आई वरचीच." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "ती काही मागत नव्हती गं. 'बोल की माझ्याशी, बोल,' एवढंच म्हणत होती."

त्याच दुपारी चिमणीने मला खाली उतरवले आणि गुंडाळून या खोलीत आणून ठेवले.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी फाटलो तर मला चिकटवता येईल, नाहीतर जळणाला उपयोगी पडेन. पण तुमच्या घरातले एखादे म्हातारे माणूस तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत काही पुटपुटत असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा. त्याचा अर्थ विचारा. आणि येईल तसे, मोडकेतोडके का होईना, त्याच भाषेत उत्तर द्या.