वीस चांगल्या पेशी

"ही स्लाइड बिघडलीय. दुसरी दे," सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता धाकटी म्हणाली.

"ही तिसरी आहे," शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली फणकारली. "तीन-तीन स्लाइड बिघडवायला मी काय काल कामाला लागलेय?"

नमुन्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. पण तो धाकटीला पाठ होता. तिच्या सख्ख्या बहिणीची अस्थिमज्जा होती ती. ताईला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं परवाच कळलं होतं आणि आज बारा वाजता वरच्या मजल्यावर तिला पहिलं औषध लागणार होतं. दोघीच बहिणी, म्हणून ही धाकटी. चाळिशी उलटली, केस पिकले, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

भिंगाखाली पेशीतली गुणसूत्रं दिसत होती. शेहेचाळीस. एरवी त्यांच्या जोड्या लावायच्या, काय कमी, काय जास्त ते बघायचं, हेच तिचं अठरा वर्षांचं काम. इथे सगळाच विचका. कुणाचं टोक तुटलेलं, कुणी मधोमध मोडलेलं, आणि तुटकी टोकं भलत्याच गुणसूत्राला जाऊन चिकटलेली.

"कॅन्सरच आहे, मग तुटणारच की गं," चष्मेवाली आता मऊ आवाजात म्हणाली. "जिवाला लावून घेऊ नकोस."

पण धाकटीला सहा महिन्यांपूर्वीचा जानेवारी आठवला. तेव्हा कॅन्सरचा मागमूस नव्हता, नुसतं रक्त भरत नव्हतं म्हणून ताईचा नमुना आला होता. वीस चांगल्या पेशी मोजायच्या असा इथला शिरस्ता. स्लाइडवर पेशींचा थेंब जोरात पडला की धडधाकट पेशीचीही वाट लागते, तेव्हा मोडक्यातोडक्या पेशी सरळ सोडून द्यायच्या, हे कितीतरी नव्या मुलींना तिनेच शिकवलं होतं. त्या दिवशी तर बहिणीचं काम म्हणून ती जेवणावर पाणी सोडून बसली. हुडकून हुडकून वीस देखण्या पेशी काढल्या, 'दोष नाही' असं लिहिलं आणि संध्याकाळी जाऊन सांगितलं, "ताई, काळजी सोड. मी स्वतः बघितलंय."

ती उठली. कपाटातून जानेवारीची स्लाइड काढून तिने भिंगाखाली ठेवली. या खेपेला निवड केली नाही. समोर येईल ती पेशी मोजली. चाळीस पेशींत तेरा तुटक्या. आणि इथेही टोकं एकमेकांना चिकटलेली. थेंबाच्या माराने गुणसूत्रं तुटतील, चिकटायची नाहीत.

म्हणजे ताईची गुणसूत्रं मुळातच कच्ची होती. तिचा तो बारीकसा, कशालाच न पुरणारा अंगठा, शाळकरी पोरीएवढी उंची. सगळं जन्मापासूनचं, आणि घरातल्यांनी त्याची नुसती चेष्टा केली होती. अशी गुणसूत्रं तुटत राहतात, वाटेल तशी सांधली जातात आणि त्यातूनच एक दिवस कॅन्सरची पेशी उभी राहते. जानेवारीत कळलं असतं तर त्याआधीच दुसऱ्या कुणाची मज्जा देता आली असती. ते सहा महिने धाकटीने आपल्या हाताने घालवले होते. कॅन्सरचं औषधही गुणसूत्रं तोडूनच पेशी मारतं. आता अशा शरीराला ते पुऱ्या मात्रेत दिलं, तर कॅन्सरच्या आधी ताईच जाणार होती.

पावणेबारा झाले होते. ती स्लाइड घेऊन विभागप्रमुखांकडे धावली.

सगळं ऐकून सर म्हणाले, "आजचा रिपोर्ट लिहा ना. जुनं कशाला उकरून काढता?"

"आजचं बघून डॉक्टर म्हणतील कॅन्सरमुळे तुटलंय. कॅन्सर नव्हता तेव्हाही तुटत होतं, हे या स्लाइडवरच दिसतं, सर."

"नोकरीवर गदा येईल तुमच्या."

"येऊ दे." ती जिन्याकडे पळालीसुद्धा.

वर औषधाची पिशवी टांगून झाली होती. नर्स नळी जोडतच होती. धाकटीने दारातूनच "थांबा!" असं ओरडून सगळा वॉर्ड दचकवला आणि ताईच्या डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठून एका दमात सगळं सांगितलं. "जानेवारीत मीच चुकले," हेही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी उतरवायला लावली. मग हळूच म्हणाल्या, "पक्कं कळायला आठवडा जाईल. तोवर कॅन्सर काही थांबणार नाही. आणि कमी औषधाला तो किती दाद देईल, मी नाही सांगू शकत."

धाकटी आत आली तेव्हा ताई उशीला टेकून बसली होती.

"काय गं? औषध का काढलं?"

धाकटीने काही लपवलं नाही. जानेवारीच्या त्या वीस पेशींपासून सगळं सांगितलं.

"जानेवारीत तुझी मज्जा चालली असती मला?" ताईने विचारलं.

"जुळली असती तर."

ताई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. धाकटी तशीच उभी राहिली. माफी मागायचीही तिला लाज वाटत होती.

"आईला यातलं काही सांगू नकोस," भिंतीकडेच बघत ताई म्हणाली.

"पण ताई..."

"सांगू नकोस म्हणतेय ना. माझ्यामागे तिला तूच उरशील."

धाकटी पलंगाच्या कडेला टेकली. ताईने पाय आवरून तिला जागा करून दिली, पण तोंड काही तिच्याकडे फिरवलं नाही.