थोरलीला भेटायला

प्रयोगशाळेच्या दाराशी चपलांवर निळ्या पिशव्या चढवताना आईचा तोल गेला आणि तिने धाकटीच्या डोक्याचा आधार घेतला.

“आई, मी खांब नाहीये,” धाकटी कुरकुरली.

शेजारीपाजारी आईबाबांनी सांगून ठेवलं होतं, की धाकटीला विज्ञानाची गोडी लागावी म्हणून प्रयोगशाळा दाखवायला नेतोय. धाकटीला गोडी होती फक्त झोपेची. खरा हट्ट आईचा होता. थोरली जाऊन वर्ष उलटलं होतं. ऑपरेशनमध्ये तिच्या पोटातून काढलेल्या गाठीचा तुकडा आईबाबांना विचारूनच इथे आणला होता, आणि त्यातल्या पेशी अजून जिवंत होत्या. हे कळल्यापासून आईने टुमणं लावलं होतं, मला त्या एकदा बघायच्यात.

बाबा आले, पण नाइलाजाने. ज्या गाठीने पोर गिळली तिला कसलं भेटायचं, असं ते घरी एकदाच बोलले होते. आत आल्यावर ते भिंतीवरच्या आग विझवण्याच्या सूचना वाचत उभे राहिले. जणू त्यासाठीच सुट्टी टाकली होती.

संशोधक मुलगी तरुण होती, बोलकी होती. तिने उबदार कपाटातून एक चपटी बाटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

“या काकू. तळाला चिकटून पसरल्यात ना, त्याच.”

आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिली.

“फार नखरेल आहेत हं,” संशोधक म्हणाली. “खायला वेळेवर दिलं नाही, की रुसल्याच. आम्ही यांना महाराणी म्हणतो.”

“तिच्यावरच गेल्यात,” आई म्हणाली आणि चक्क हसली. वर्षभरात हे हसू घरात कुणी ऐकलं नव्हतं. बाबांनी मान वळवली, पण ते जागचे हलले नाहीत.

“खायला काय देता?” धाकटीने विचारलं.

“हे गुलाबी पाणी. त्यात साखर असते, क्षार असतात, लागेल ते सगळं असतं.”

आता मात्र संशोधकाला राहवेना. तिने घाईघाईने दुसरी बाटली आणून ठेवली. “तुम्हाला मुद्दाम बोलावलं ते हे दाखवायला.”

या बाटलीतल्या थोरलीच्याच पेशी गोल होऊन पाण्यात सुट्या तरंगत होत्या. तळाला एकही चिकटलेली नव्हती.

“नवं औषध आहे. सगळ्या मेल्या, काकू! आधी कशालाच दाद देत नव्हत्या. उद्या कितीतरी मुलांना याचा उपयोग होईल.”

“मग ताईला का नाही दिलं?” धाकटी म्हणाली.

“तेव्हा नव्हतं गं. ताईच्या पेशी होत्या, म्हणून तर सापडलं.”

आपल्याला आनंद व्हायला हवा, हे आईलाही कळत होतं. पण लेक पुन्हा एकदा गेल्यासारखं तिला झालं. ती पहिल्या बाटलीकडे वळली.

“यांनाही देणार ते?”

“हो, आज दुपारी. खात्रीसाठी परत एकदा करून बघावंच लागतं.”

आईने बाटलीला बोट लावून पाहिलं. ती अजून कोमट होती.

“मग आधी खायला घाला,” ती म्हणाली. “उपाशीपोटी औषध सोसत नाही तिला. सगळं उलटून पडतं.”

संशोधक काहीतरी सांगणार होती. पेशींना पोट नसतं, आणि यांचं खाणं तर कालच झालं होतं. पण हातमोजे चढवून तिने गुलाबी पाणी काढलं.

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाबांनी घसा खाकरला.

“जरा जास्तच घाला,” ते म्हणाले.