आसारामने एडिटर बसवला

"नॉट फाउंड," कॉम्प्युटर नाकात बोलला आणि गप्प झाला.

आसारामने कळ दाबून तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तेव्हा त्याने मोबाइल काढला आणि धर्मापुरीच्या रविराजला लावला.

"अडलं बे," तो म्हणाला.

"कुठं?"

"सुरुवातीलाच. पडद्यावर अक्षरं मांडायचं कायतरी सामान लागतंय म्हनं. ते हितं न्हाई."

रविराज खो खो हसला. "तुला न् मला पडदा दिसंना, अन् त्याला पडद्याचंच सामान पायजे. पेनड्राइव्हमंदी दुसरं फोल्डर हाय बघ. आधी ते बांध, मग एडिटर."

दोघंही अंधशाळेत एका बाकावर शिकलेले. दोघांनीही वर्षानुवर्षं सरकारी ऑफिसात टेलिफोन जोडून द्यायचं काम केलं. रविराजने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि गावी जाऊन बसला. आसाराम मात्र तलवाड्याहून येऊन बीडला एक खोली भाड्याने घेऊन राहिला तो राहिलाच. बायको नाही, पोरंबाळं नाहीत. ऑफिसातली टेलिफोनची खोली हाच काय तो संसार. दिवसाला दोन-अडीचशे माणसं त्याच्या कानाशी बोलायची. कुणाला साहेब पाहिजे, कुणाला आस्थापना शाखा, कुणी नुसतंच विचारायचं, "आसारामभाऊ, जेवलाव का?"

सहा महिन्यांपूर्वी दोन माणसं आली आणि त्याच्यासमोरचा टेलिफोनचा बोर्ड स्क्रू काढून घेऊन गेली. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन, बोर्डाची गरज कुणाला? आसारामची खुर्ची, टेबल आणि हजेरी तेवढी शाबूत राहिली. सकाळी पावणेदहाला यायचं, संध्याकाळी सव्वासहाला जायचं, आणि मधल्या वेळात भिंतीवरच्या पालीचं चुकचुकणं ऐकायचं. बजरंग शिपाई चहा ठेवताना म्हणायचा, "तुमचं झ्याक हाय भाऊ. बसून पगार." त्याच्या मनात खोट नव्हती, पण आसारामला तो चहा गिळवत नसे.

शेवटी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, मला टायपिंगचं काम द्या. साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "जमेल का तुम्हाला? करून दाखवा, मग बघू." एवढ्या एका वाक्यावर माणूस कामाला लागला.

अडगळीत पडलेला एक जुना कॉम्प्युटर त्याने मागून घेतला. रविराजच्या सांगण्यावरून त्यात बोलणारा प्रोग्रॅम चालू केला. पण त्यातला लिहायचा एडिटर जुनाट. इंग्रजी घडाघडा वाचायचा आणि मराठी अक्षर आलं की नवरीसारखा मुका. नवीन एडिटर मराठी नीट वाचतो, पण त्याचा तयार माल एवढ्या म्हाताऱ्या मशीनवर चढेना. मग एकच वाट उरली. एडिटर मुळात ज्या मजकुरातून तयार होतो तो मजकूर आणायचा आणि याच मशीनवर त्याचा एडिटर बांधायचा. रविराजने परळीहून सुटणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ रुमालात बांधून पेनड्राइव्ह पाठवला. जेवणाचा डबा न पाठवता त्याने शिधा पाठवला होता. रांधायचं आसारामलाच होतं.

तर ते पडद्याचं सामान आधी बांधून झालं. पण ते ठेवायचं कुठे? सगळ्यांच्या जागेत बसवायचं तर मशीनचा मुख्य पासवर्ड लागतो आणि तो हेडक्लार्क सुंदररावांकडे. आसाराम भिंतीला हात लावत त्यांच्या टेबलाशी गेला.

"पासवर्ड?" सुंदरराव म्हणाले. "तो असा कसा देता येईन भाऊ? टिपणी ठिवावी लागंल, साहेबाची सही, मग जिल्ह्याच्या कॉम्प्युटरच्या माणसाला कळवायचं. महिना जाईन."

आसाराम वाद न घालता परत आला. मशीनमध्ये त्याच्या नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात काय ठेवायचं हे त्याला कुणी विचारत नव्हतं. सामान त्याने तिथेच ठेवलं आणि मोठ्या उमेदीने एडिटरला पुन्हा हात घातला.

"नॉट फाउंड."

 सामान बांधलं, बसवलं, आणि हे यंत्र म्हणतं मिळालं नाही. त्याने पुन्हा रविराजला लावलं.

"कुठं ठिवलंस?"

"माझ्याच फोल्डरात."

"मग ते त्याला सांगितलंस का?"

"न्हाई. त्याचं ते हुडकंल की."

"कावून हुडकंल बे? ते चार ठरल्या जागी बघतंय. तू पाचव्या जागी ठिवणार अन् गप बसणार, मग त्याला काय सपान पडतंय? सांग त्याला, अमुक ठिकाणी हाय म्हनून."

आसारामने सांगितलं. एक लांबलचक ओळ, एकेक अक्षर टाकून, दोनदा ऐकून. या खेपेला यंत्र थांबलं नाही. "चेकिंग, येस. चेकिंग, येस," करत पार शेवटाला गेलं. मग त्याने बांधणीचा हुकूम दिला आणि खोलीत एक अखंड बडबड सुरू झाली. सीसी अमुक डॉट ओ, सीसी तमुक डॉट ओ. ऐकणाऱ्याला वेड लागावं अशी ती बडबड, पण आसाराम हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. सहा महिन्यांनी त्या खोलीत कुणीतरी बोलत होतं. त्याला फार बरं वाटलं.

जेवणाची सुट्टी झाली, पोरीबाळींचे डबे उघडल्याचे आवाज आले, कुणाच्या तरी मेथीचा वास आला. त्याला कुणी बोलावलं नाही, आणि आज त्याला त्याचं काही वाटलंही नाही. तीनच्या सुमाराला बडबड थांबली. त्याने एडिटर स्वतःच्या फोल्डरात बसवला, उघडला आणि पहिलं वाक्य टाइप केलं, "आज सोमवार आहे." यंत्राने ते नाकातच, पण स्वच्छ मराठीत वाचून दाखवलं. आसारामला रडू आलं. खोलीत कुणी नव्हतं म्हणून त्याने ते येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच साहेब स्वतः त्याच्या खोलीत आले. त्यांच्या मागे सुंदरराव, बजरंग, टपाल घेणाऱ्या आवक टेबलाची बबिता, झाडून सगळं ऑफिस. साहेबांनी चार ओळींचं पत्र तोंडी सांगितलं. आसारामची बोटं चालली, यंत्राने पत्र वाचून दाखवलं. काना-मात्रेची चूक नाही.

टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं.  साहेब म्हणाले, "सुंदरराव, यांचा सत्कार झाला पाहिजे." आपल्याकडे सत्काराला उशीर होत नाही. बजरंग पळत जाऊन शाल आणि नारळ घेऊन आला. आसारामच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, कुणीतरी त्याचा चेहरा धरून कॅमेऱ्याकडे वळवला. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर गेला. तो कसा आला हे आसारामला कुणी सांगितलं नाही, पण चांगलाच आला असणार.

बुधवारी तो पावणेदहाच्याही आधी आला. मशीन चालू करून, एडिटर उघडून, बाह्या सारून बसला. कागद आला नाही. गुरुवारीही आला नाही. शुक्रवारी बजरंगाने चहा ठेवला आणि शेजारच्या ऑफिसातही त्याचा व्हिडिओ पाहिल्याचं सांगितलं. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी आसाराम सुंदररावांच्या टेबलाशी गेला.

"टायपिंगचे कागद कवा देताव?"

सुंदररावांना खरोखरच नवल वाटलं. "तुमाला कावून तरास द्यायचा? तुमी आता ऑफिसची शान हाव. निवांत बसा."

"निवांत बसून सहा महिने झाले."

"आमाला काय कळत न्हाई का? पन मसुदे हातानं लिवलेले असतेत भाऊ. तुमाला वाचून कोन दाखवनार? अन् तुमच्याकून काम करून घेतलं तर लोक काय म्हंतील?"

ते प्रेमाने बोलत होते, हीच पंचाईत होती. शिवी दिली असती तर उलट देता आली असती. आसाराम खोलीत आला.  मग त्याने एडिटर उघडला आणि लिहायला घेतलं. एकच पान झालं. तीनदा वाचून घेतलं, एक शब्द बदलला, पेनड्राइव्हवर घेतलं आणि आवक टेबलाची वाट धरली.

"बबिताताई, याच्या दोन प्रती काढा."

प्रिंटर खरखरला. बबिताने कागद उचलला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागली. "विषय, टंकलेखनाचे काम मिळणेबाबत. महोदय, मी या कार्यालयात एकोणतीस वर्षांपासून कार्यरत असून सध्या माझ्याकडे कोणतेही काम नाही. मी खोली क्रमांक नऊमध्ये सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा बसलेला असतो." तिचा आवाज तिथे अडखळला. पुढचं तिने मनात वाचलं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "हे आवकला कावून टाकताव? साहेब चांगला मानूस हाय. तोंडी सांगा की."

"तोंडी सांगितलं व्हतं ताई. तोंडी सांगितल्यावर शाल मिळाली."

 तिने फूटपट्टी घेऊन कागदावर आडवी धरली आणि त्याचं बोट पट्टीच्या कडेला टेकवलं. "हितं सही करा." त्याने पट्टीच्या कडेकडेने दोन्ही प्रतींवर सही केली.

"आता शिक्का मारा. अन् रजिस्टरला चढवा."

"सुंदरराव वरडतेन मला."

"वरडू द्या. आलेला कागद घ्यायचा अन् नंबर टाकायचा, हे तुमचं काम हाय. तुमाला काम हाय ताई. करा."

बबिताने पॅड उघडलं. धप्प, धप्प, दोन शिक्के पडले. पेन कुरकुरला. एक प्रत तिने ट्रेमध्ये ठेवली, दुसरी पोच म्हणून त्याच्या हातात दिली.

आसारामने पोच घडी करून खिशात घातली. भिंतीला हात लावत तो खोलीत आला आणि खुर्ची ओढून बसला. मशीन आल्या माणसाशी बोलावं तसं बोलू लागलं, तारीख, वार, वेळ. त्याने त्याचा आवाज बंद केला. दाराबाहेर पाऊल वाजलं तर ऐकू यायला पाहिजे होतं.