मीठ सांगणारी मुलगी

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा नेम होता. शेवटचं लेकरू जेवून उठल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नसत. चाखायचंसुद्धा नाही. त्यामुळे डाळीचं मीठ दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागे.

आधी शिपाईदादा सांगायचे. त्यांची जीभ तंबाखूनं मेलेली. समुद्र वाढला असता तरी "झकास" म्हणाले असते. मग मावशींना पिटुकली दिसली. जेवणाच्या सुट्टीत ती मांडीवर डबा घेऊन पायरीवर बसायची आणि झाकण अर्धंच उघडायची. हात आत-बाहेर, तोंड हलतंय. डबा रिकामा होता.

तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला होता. फुकट जेवणासाठी घरची परिस्थिती लिहून सही द्यावी लागे. आईनं ती दिली नव्हती.

"अगं, जरा मीठ सांगतेस? माझा नेम आहे बाळा."

पिटुकलीनं वाटीभर डाळ संपवली. "नीट नाही कळलं."

"मग भाताबरोबर बघ."

"आता कळलं. किंचित कमी आहे."

"लबाड!" मावशी हसल्या.

वर्षभर असंच चाललं. ती जेवायला आलेली नसे, कामाला आलेली असे. मान ताठ ठेवून खायची.

मग एक दिवस मोठ्या बाईंनी सांगितलं, ठरावीक सह्या भरल्या तरच सरकार चुलीला पैसे देतं, आणि यंदा एक नाव कमी पडतंय. या आठवड्यात मिळालं नाही तर चूल बंद.

मावशींना नाव ठाऊक होतं. पण त्या घरी कोणत्या तोंडानं जायचं? आज-उद्या करत आठवडा सरत आला, तेव्हा कुठे त्या संध्याकाळी गेल्या. आई शिलाई मशीनवर वाकलेली होती.

"ताई, एक सही द्या. एका नावावाचून शाळेतली चूल बंद पडतेय."

"माझी पोर डबा नेते."

पिटुकली जमिनीकडे बघत राहिली. ओठांवर आलेलं मावशींनी गिळलं.

मशीन थांबलं. "डब्यात काय असतं ते मला माहीत नाही होय?" आई हळूच म्हणाली. "मीच देते ना तो. तिच्या बोटांना तुमच्या डाळीचा वास येतो, मावशी. म्हणून तर सही केली नाही. पोट भरतंय, मानही राहतेय, मग कपाळावर शिक्का कशाला?"

वर्षभर मावशींनीच ही मूठ झाकून धरली होती.

"कर ना गं आई," पिटुकली म्हणाली. "सगळ्यांचंच बंद होईल."

आईनं सही केली.

सकाळी मोठ्या बाईंनी कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "मावशी, काल दुपारीच मुदत संपली, नावं गेली हो. आता पुढच्या वर्षी."

चुलीच्या शेवटच्या दिवशी पिटुकलीनं डाळ चाखली. "बरोबर आहे." पहिल्याच घासाला.

"नीट बघ गं, भाताबरोबर."

"बरोबर आहे, मावशी." तिनं वाटी खाली ठेवली.

आता मावशी घरीच असतात. दुपारी सून ताट वाढते. "आई, जेवा ना. आता कसला आलाय नेम?"

मावशी देवाला हात जोडून बसतात. शाळेच्या सुट्टीची घंटा इथवर ऐकू येते. शेवटचं लेकरू जेवलं का, हे सांगणारं कुणी नाही. हात ताटापर्यंत जातो आणि तिथंच राहतो.