अर्ध्या अर्ध्या लेथचे मालक

वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटलं, भांडी वाटली आणि शेवटी गाडी अडली ती गाळ्यातल्या, लोखंड कातायच्या एकुलत्या एका लेथवर. विकायचा नाही, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत.

"हेडस्टॉक माझा," थोरला म्हणाला. "मोटार, गिअर, कातायचा जॉब धरून फिरवणारा चक, सगळा जीव त्या टोकाला आहे."

"नुसतं फिरून काय होतंय, दादा? कापतं ते सरकत्या कॅरेजवरचं टूल. लांब दांडा पलीकडून धरतो तो टेलस्टॉक. आणि हे सगळं ज्यावर उभं आहे तो बेड. ते माझं."

"घे की. लोखंडी बाकडं!"

आई म्हणाली, "अरे, एका शर्टाच्या एकाने बाह्या नेल्या, दुसऱ्याने कॉलर. घालणार कोण?"

हे आई समोरच्याला सुनावतेय, असं दोघांनाही वाटलं.

बोल्ट सुटले. गाळ्याच्या मधोमध प्लायवूड ठोकलं गेलं. थोरल्याकडे चक झोकात फिरायचा, पण टूल नव्हतं. धाकट्याकडे टूल ऐटीत सरकायचं, पण समोर फिरणारं काही नव्हतं. गिऱ्हाईक आलं की दोघंही "होऊन जाईल" म्हणायचे आणि काम गुपचूप पलीकडच्या गल्लीतल्या टर्नरकडून करून आणायचे. एकदा तिथे दोघांची गाठ पडली. थोरला छत न्याहाळू लागला, धाकटा स्वतःच्या चपला.

टर्नरने काय ते ओळखलं. तो दोघांना वेगवेगळा भेटला आणि दोन्ही अर्धे विकत घेऊन बसला. भावांनी घरी येऊन आईला एकच गोष्ट सांगितली, "त्याचं भंगार गेलं. माझ्या मालाला भाव आला."

पण लेथ पुन्हा जोडल्यावर हेडस्टॉक आणि टेलस्टॉक एका रेषेत येईनात. दांडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघायचा. टर्नरने दोघांना बोलावलं. दोघं तोंड फिरवून कामाला लागले.

"जरा तुझ्याकडे," थोरला पुटपुटला.

"आणखी?"

"बास. आवळ."

दांडा सरळ निघाला. टर्नरने तिथल्या तिथे दोघांना कामावर ठेवलं, एकाला सकाळची पाळी, दुसऱ्याला दुपारची.

आता रोज त्याच लेथवर दोघं परक्याचे मजूर म्हणून राबतात. कोणी विचारलंच तर आई समाधानाने सांगते, "मुलं एकत्र आहेत हो."